तरुणांच्या बेकारीचा आकडा नेमकं काय सांगतो?

१५ ऑगस्ट २०२३ रोजी चीनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने दर महिन्याप्रमाणे आकडेवारी जाहीर केली, पण त्यातला एक आकडा गायब होता. तो होता १६ ते २४ वयाच्या शहरी तरुणांमधल्या बेकारीचा. जूनमध्ये हा दर २१.३ टक्क्यांवर गेला होता. तोपर्यंतचा तो उच्चांक. मोजण्याची पद्धत सुधारायची आहे, तोवर हा आकडा देणार नाही, असं कारण प्रवक्त्यांनी दिलं. जानेवारी २०२४ मध्ये आकडा परत आला तेव्हा त्यातून शिकत असलेले विद्यार्थी वगळलेले होते. डिसेंबरचा नवा दर निघाला १४.९ टक्के.

हसण्यासारखं काही नाही, कारण असा प्रसंग आपल्याकडेही घडून गेला आहे. २०१७-१८ मध्ये श्रमशक्तीचं नवं नियमित सर्वेक्षण झालं. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने त्याच्या अहवालाला मंजुरी दिली, तरी तो बाहेर येईना. जानेवारी २०१९ मध्ये आयोगाचे प्रभारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. अहवाल अधिकृतपणे आला तो लोकसभेचे निकाल लागल्यावर, ३१ मे रोजी. देशातली एकूण बेकारी ६.१ टक्के आणि १५ ते २९ वयोगटातली १७.८ टक्के.

इतके आकडे दर महिन्याला येतात-जातात, मग याच एका आकड्याला सरकारं एवढी का बिचकतात? राजकीय कारण उघड आहे. रिकामे तरुण हात कुठल्याच सरकारला परवडत नाहीत. पण त्यामागे एक साधं आर्थिक कारणही आहे. धंदा मंदावला की मालक आधी भरती थांबवतो. कामावर असलेल्या माणसाला काढायचं तर भरपाई द्यावी लागते, युनियन असते, शिकवलेला माणूस हातचा जातो. नव्या माणसाला न घेण्याचा मात्र काहीच खर्च नसतो. म्हणून मंदीचा पहिला फटका जे अजून आत आलेलेच नाहीत त्यांना बसतो, आणि दुसरा फटका सर्वांत शेवटी आलेल्यांना. बहुतेक देशांत तरुणांमधली बेकारी प्रौढांच्या दुप्पट-तिप्पट असते आणि अर्थव्यवस्था डळमळली की आधी तीच हलते.

म्हणजे मापक संवेदनशील आहे. त्यावरचा काटा वाचायचा कसा, हा खरा प्रश्न. हा आकडा कसा तयार होतो ते पाहिल्याशिवाय त्यावर बोलण्यात अर्थ नाही, म्हणून थोडं गणित करू.

समजा एका गावात १०० तरुण-तरुणी आहेत. ३६ जण काही ना काही काम करतात. चौघं काम शोधताहेत. उरलेले ६० जण शिकताहेत किंवा घरी आहेत आणि सध्या कामाच्या बाजारात नाहीत. बेकारीचा दर काढताना या ६० जणांना बाजूला ठेवतात. भागाकार फक्त ४० जणांचा: त्यात बेकार ४, म्हणून दर १० टक्के. शंभरात चार म्हणून ४ टक्के नव्हे, हे आधी पक्कं करून घ्या.

आता त्या चौघांपैकी दोघं अर्ज करून करून कंटाळले. कुणी विचारलं तर "नकोच आता नोकरी" म्हणू लागले. ते हिशेबातून बाहेर गेले. राहिले ३८, त्यात बेकार २. दर झाला ५.३ टक्के. गावात एकही नोकरी निर्माण झाली नाही आणि बेकारी मात्र जवळपास निम्म्यावर आली! उलट असं समजा, की गावाजवळ कारखाना येणार असल्याची बातमी आली आणि आजवर घरी असलेल्या पाच मुलींनी आपणही काम करू म्हणून शोध सुरू केला. आता शोधणारे ९ आणि एकूण ४५. दर एकदम २० टक्के. गावात आशा आली आणि आकडा दुप्पट झाला. एसटीच्या थांब्यावर किती लोक उभे आहेत एवढंच हा आकडा मोजतो. वाट बघून चालत निघालेले, घरी परतलेले आणि टपावर बसून गेलेले त्यात दिसत नाहीत.

२०१३ मध्ये स्पेनमधली तरुणांची बेकारी ५५ टक्क्यांच्या घरात गेली, तेव्हा दर दोन तरुणांमागे एक बेकार आहे अशा बातम्या जगभर झळकल्या. तसं नव्हतं. त्या वयातले बरेचसे शिकत होते. सगळ्या तरुणांना धरून भागाकार केला तर बेकारांचं प्रमाण साधारण पाचात एक येत होतं. तेही भयंकरच, पण निम्म्याहून पुष्कळ कमी.

पुढचा प्रश्न असा, की "काम करतो" कुणाला म्हणायचं? आपल्याकडच्या सर्वेक्षणात दोन फूटपट्ट्या आहेत. एकीत मागच्या सात दिवसांचा विचार होतो. त्या आठवड्यात कुठल्याही दिवशी किमान एक तास काम केलं असेल, तर माणूस कामावर धरला जातो. दुसरीत मागचं अख्खं वर्ष पाहतात: वर्षाचा मोठा भाग कामाच्या बाजारात गेला का, आणि नसल्यास निदान ३० दिवस तरी काम केलं का. दुसऱ्या फूटपट्टीने बेकारी कमी भरते, कारण वर्षभरात कधी ना कधी काहीतरी काम बहुतेकांना मिळतंच. २०२३-२४ मध्ये या वार्षिक फूटपट्टीने तरुणांची बेकारी १०.२ टक्के होती. एप्रिल २०२५ पासून मासिक आकडे येऊ लागले, ते आठवड्याच्या फूटपट्टीने. त्या पहिल्या महिन्याचा आकडा १३.८ टक्के. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून "वर्षभरात बेकारी वाढली" असं म्हणणारे महाभाग समाजमाध्यमांवर तेव्हा पुष्कळ भेटले. मोजपट्टीच वेगळी असताना वाढ आणि घट कसली काढता?

शिवाय पगार मिळत असलाच पाहिजे, अशी अट इथे नाही. घरच्या किराणा दुकानात बसणारा किंवा वडिलांबरोबर शेतात राबणारा मुलगा, हातात एक रुपया पडत नसला तरी कामावर असलेलाच गणला जातो. ते एका अर्थी बरोबरही आहे, कारण तो काम करतोच आहे. पण चार एकरांत आधीच तिघं राबत असताना चौथा उतरल्याने पीक वाढतं का, हे सर्वेक्षण विचारत नाही.

वयोगटाचंही तसंच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना १५ ते २४ वर्षांचे ते तरुण धरते, आपण २९ पर्यंत जातो, दक्षिण आफ्रिकेत ३४ पर्यंत मोजायचीही पद्धत आहे. त्या देशात १५ ते २४ गटातली बेकारी ६० टक्क्यांच्या आसपास असते, ३४ पर्यंत वय वाढवलं की ती ४५ च्या जवळ येते. देश तोच, वर्षही तेच.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बेकारी कमी असेल तर अर्थव्यवस्था ठणठणीत आणि जास्त असेल तर आजारी, असं धरून चालायचं का? त्यासाठी परदेशात जायची गरज नाही. २०२३-२४ च्या सर्वेक्षणात १५ ते २९ वयोगटातली बेकारी केरळमध्ये २९.९ टक्के होती आणि मध्य प्रदेशात २.६ टक्के. आकडा खरा आरसा असेल, तर केरळच्या तरुणांनी भोपाळची गाडी धरायला हवी. प्रत्यक्षात केरळचं दरडोई उत्पन्न मध्य प्रदेशापेक्षा कितीतरी जास्त, मजुरी देशात सर्वांत वरच्या रांगेतली, आणि मजूर उलट्या दिशेने, उत्तरेकडून केरळात येतात. मग केरळचे तरुण बेकार का? ते शिकलेले आहेत, विशेषतः मुली. शिक्षणाला साजेसं काम राज्यात पुरेसं नाही. आणि घरात आखाती देशांतून येणारा पैसा किंवा आई-वडिलांचं उत्पन्न असल्यामुळे मिळेल ते काम धरण्याची सक्ती नाही. मध्य प्रदेशातल्या भूमिहीन घरातल्या विशीतल्या मुलाला थांबणं परवडतच नाही. तो बेकार राहू शकत नाही, म्हणून आकड्यात दिसत नाही.

हेच चित्र देशभराचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीच्या मानव विकास संस्थेने २०२४ मध्ये भारतातल्या रोजगारावर अहवाल काढला. त्यानुसार २०२२ मध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधली बेकारी ३.४ टक्के होती आणि पदवीधरांमधली २९.१ टक्के. जवळपास नऊपट! यावरून शिक्षणाने माणूस कुचकामी होतो, असा निष्कर्ष पारावर बसलेले लोक काढतात. पदवी हातात असली की नुसतं कसलंतरी काम चालत नाही, पदवीच्या तोलाचं हवं असतं, आणि अशी कामं पदवीधरांच्या वेगाने वाढलेली नाहीत. भारतातला बेकारीचा आकडा मुख्यतः वाट पाहण्याचा आकडा आहे. पोटापुरत्या, पण बिनभरवशाच्या कामात अडकलेले कोट्यवधी लोक त्याच्या बाहेर राहतात.

ही गोष्ट आपल्या अर्थतज्ज्ञांना पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी कळली होती. नियोजन आयोगाचे बेकारीचे अंदाज एकमेकांशी जुळेनात, म्हणून मुंबई विद्यापीठातले प्राध्यापक मो. ल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९७० मध्ये तिने सांगितलं, की आपल्या देशात बहुतेक लोक स्वतःच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात असतात, त्यामुळे सगळ्यांची बेकारी एका आकड्यात कोंबू नका. वय, शिक्षण, गाव-शहर, कामाचे दिवस असं वेगवेगळं मोजा. आज वापरात असलेल्या फूटपट्ट्या त्या विचारातूनच १९७२-७३ च्या सर्वेक्षणात आल्या.

नेमक्या त्याच काळात महाराष्ट्रात दुष्काळ पडला होता. दुष्काळाआधी कुणी मराठवाड्यात फिरून बेकार मोजले असते, तर फारसे सापडले नसते. सगळे शेतकरी, सगळे शेतमजूर, सगळे "कामावर". पाऊस गेला आणि १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं खडी फोडायला, बंडिंगला, पाझर तलावांवर आली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना त्याच वेळी खऱ्या अर्थाने राज्यभर पसरली. एवढी गरज आधी कुठल्या आकड्यात होती? कुठल्याच नाही.

पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत, शास्त्री रस्त्याच्या आसपास गेलात तर वाट पाहणारे डोळ्यांनी दिसतात. अभ्यासिका, मेस, कॉट बेसिसवरच्या खोल्या आणि "जागा कधी निघणार" ही एकच चर्चा. राज्यसेवेला खुल्या गटासाठी वयाची मर्यादा ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३, म्हणजे थांबायला बरीच वर्षं आहेत. २०२४ च्या पोलीस भरतीत साडेसतरा हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले साडेसतरा लाखांवर. (एकाच उमेदवाराचे वेगवेगळ्या पदांसाठी अर्ज असू शकतात, तेव्हा अर्ज म्हणजे माणसं नव्हेत. तरीही.) एवढे लोक सरकारी नोकरीसाठीच का अडून बसतात, याची चेष्टा करणं सोपं आहे. पण लघुउद्योगात दरमहा पंधरा हजारांची कंत्राटी नोकरी, वर अकरा महिन्यांनी ब्रेक, आणि समोर त्याच्या दुप्पट पगार, निवृत्तीपर्यंतची हमी आणि लग्नाच्या बाजारातली पत. दहा टक्के शक्यता असली तरी पाच वर्षं घालवावीत, असा हिशेब एखाद्या मुलाने केला तर त्यात मूर्खपणा नाही. खाजगी आणि सरकारी कामातली दरी जितकी रुंद, तितकी रांग लांब. यातली आणखी एक गंमत म्हणजे अभ्यासिकेतला हा मुलगा सर्वेक्षकाला "शिकतोय" म्हणाला तर बेकारीत मोजलाच जात नाही. "नोकरी शोधतोय" म्हणाला तर मोजला जातो.

मग आकडा निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. एकाच देशात, एकाच फूटपट्टीने, काही वर्षं मोजत गेलं तर तो खूप बोलतो. पुन्हा स्पेन बघा. २००७ मध्ये तिथली तरुणांची बेकारी १८ टक्क्यांच्या जवळ होती. घरबांधणीचा धंदा तेजीत होता आणि हजारो मुलगे शाळा सोडून बांधकामावर जात होते, कारण शिकून जेवढे मिळाले असते त्याहून जास्त आत्ता मिळत होते. २००८ मध्ये फुगा फुटला. काम गेलं, शिक्षण अर्धवट, आणि बहुतेकांची नोकरी मुदतीच्या करारावरची, म्हणजे काढायला सर्वांत सोपी. सहा वर्षांत दर तिप्पट झाला. त्यात मंदी होतीच, पण आधीपासूनच्या दोन दुखण्यांनी तिचा सगळा भार तरुणांवर लोटला होता. २०२२ पासून मुदतीच्या करारांवर कायद्याने बंधनं आली, अर्थव्यवस्थाही सावरली. तरी २०२४ मध्ये हा दर २५ टक्क्यांच्या वरच होता. मंदी गेल्यावरही जी बेकारी खाली येत नाही, ती रचनेतली.

जर्मनीत २०१३ मध्ये हा दर आठ टक्क्यांच्या आसपासच होता. तिथे सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत काम शिकतो, उरलेले दिवस व्यवसायशाळेत जातो आणि या काळात त्याला विद्यावेतन मिळतं. आता त्यांच्याकडे तरुणच कमी पडू लागलेत. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला तो त्यामुळेच. आपणही आयटीआय काढल्या, शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. पण जर्मन पद्धतीत शिकवण्याचा मोठा खर्च कारखानदार उचलतो, कारण शिकलेला मुलगा पुढे आपल्याकडेच राहील याची त्याला बऱ्यापैकी खात्री असते. ही खात्री सरकारी जीआर काढून येत नाही.

या आकड्याला महत्त्व असण्याचं सर्वांत मोठं कारण पुढे दिसतं, वीस वर्षांनी. कॅनडातल्या पदवीधरांचा दीर्घकाळ माग काढलेल्या एका अभ्यासात आढळलं, की मंदीच्या वर्षी बाहेर पडलेल्यांची मिळकत सुरुवातीला सुमारे ९ टक्क्यांनी कमी होती आणि ही तूट भरून निघायला दहा वर्षं लागली. कॅनडात निदान भरून निघाली. जपानमध्ये तसं झालं नाही. तिथे मोठ्या कंपन्या दर एप्रिलमध्ये नुकत्याच पदवी घेतलेल्यांना एकगठ्ठा भरती करतात, आणि ती गाडी चुकली की पुन्हा आत शिरायला वाट नसते. १९९३ ते साधारण २००४ या काळात पदवीधर झालेल्यांपैकी कित्येक जण कायम हंगामी कामांवरच राहिले. जपानी लोक त्यांना हिमयुगातली पिढी म्हणतात. २०१९ मध्ये ताकाराझुका शहराच्या नगरपालिकेने खास या पिढीसाठी तीन जागा काढल्या, तर १,८१६ अर्ज आले. अर्जदार चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. कोणत्याही व्याख्येने ते आता तरुण नव्हते, म्हणजे तरुणांच्या बेकारीत त्यांची गणती कधीच संपली होती.

आता आपल्या आकड्याकडे परत येऊ. २०१७-१८ मध्ये तरुणांची बेकारी १७.८ टक्के, २०२३-२४ मध्ये १०.२, दोन्ही वार्षिक फूटपट्टीने, म्हणून तुलना रास्त. सहा वर्षांत एवढी घट कशी झाली? याच सर्वेक्षणाची बाकीची पानं उलटली तर थोडा उलगडा होतो. या काळात १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा कामातला सहभाग २३.३ वरून ४१.७ टक्क्यांवर गेला. एकूण कामकऱ्यांमध्ये नियमित पगाराच्या लोकांचा वाटा मात्र २२.८ वरून २१.७ वर आला, स्वयंरोजगारातल्यांचा ५२.२ वरून ५८.४ वर गेला, आणि शेतीतल्यांचा वाटा ४४.१ वरून ४६.१ झाला. वाढत्या अर्थव्यवस्थेत लोक शेतीतून बाहेर पडतात. इथे करोनानंतर ते आत गेले आणि पुरेसे बाहेर आलेले नाहीत. स्त्रियांचं काम आधीही होतं, आता ते नीट नोंदलं जातंय, असं काही अर्थतज्ज्ञ म्हणतात आणि त्यात तथ्य असेल. पण तसं असेल तर ती मोजणीतली सुधारणा आहे, रोजगारातली नव्हे. माझ्या मते थांबणारे कमी झाले, ते बऱ्याच अंशी थांबणं सोडून मिळेल त्याला लागले म्हणून. घट खरी आहे, पण तिच्यावरून पेढे वाटण्यासारखं काही नाही.

दर महिन्याच्या मध्याला आता नवा आकडा येतो आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंचे प्रवक्ते वाहिन्यांवर बसतात. त्या मासिक पत्रकात बेकारीच्या दराबरोबर आणखी दोन रकाने असतात: किती टक्के लोक कामाच्या बाजारात आहेत आणि किती टक्क्यांच्या हाती प्रत्यक्ष काम आहे. बेकारी कमी झाली आणि हाती काम असलेलेही वाढले, तर आनंद आहे. बेकारी कमी झाली आणि बाजारातले लोकच घटले, तर आपल्या गावातले ते दोघं आठवा. आणि काम वाढलं असेल तर कसलं वाढलं, पगाराचं की घरच्या शेतातलं, हे मासिक पत्रकात सापडत नाही. त्यासाठी तिमाही किंवा वार्षिक अहवालापर्यंत थांबावं लागतं आणि तो येतो तेव्हा चर्चेला सहसा कुणी बसत नाही.